घर्षण नगण्य मानू नका



“घर्षण नगण्य मानून पुढील उदाहरण सोडवा.” हे वाक्य तुम्ही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात कितीतरी वेळा वाचले असेल. गेली वीस वर्षे महाविद्यालयात शिकवताना मी ते फळ्यावर किती वेळा लिहिले, याची मोजदाद नाही. हे वाक्य चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याची सवय जडली म्हणजे काय होते, याचा धडा मला गेल्या वर्षी जून महिन्यात एका डोंगरावर, सायकलीवरून पडून मिळाला. तो तुम्हाला, आणि त्याहीपेक्षा तुमच्या शिक्षकांना सांगावा, म्हणून हा लेख.

सुटीत मी बहिणीकडे कॅनडातील व्हँकूव्हरला गेलो होतो. त्या शहराच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर व्हिसलर नावाचे डोंगराळ गाव आहे. हिवाळ्यात लोक तेथे बर्फावरून घसरण्याचे खेळ खेळायला येतात. २०१० सालच्या हिवाळी ऑलिंपिकमधील काही शर्यती तेथेच झाल्या. बर्फ वितळले की त्याच डोंगराच्या उतारांवर सायकलींसाठी मुद्दाम आखलेल्या मातीच्या वाटा खुल्या होतात. सायकलीसह रज्जुमार्गाने वर जायचे आणि सायकलीवरून खाली यायचे, असा तो खेळ. माझा भाचा या खेळाचा वेडा आहे. त्याला नवी सायकल घ्यायची होती आणि घेण्यापूर्वी ती दिवसभर चालवून पाहण्याची सोय तेथे आहे. “मामा, तूही एक चालवून बघ. तुझ्याच विषयाचं सगळं आहे त्यात,” असे तो म्हणाला. विषयाचे नाव काढल्यावर मला नाही म्हणवेना.

एक हात सरकणारे चाक

ही सायकल ‘एन्ड्युरो’ जातीची होती. एन्ड्युरो हा डोंगरी सायकलींच्या शर्यतीचा एक प्रकार आहे. त्यात चढ बहुतेक स्वतःच्या पायांनी चढावे लागतात, पण वेळ मोजतात ती फक्त ठरवून दिलेल्या उतारांवरची. २०१३ साली या प्रकाराची जागतिक शर्यतमालिका सुरू झाली. तेव्हा ही सायकल चढावर नेण्याइतकी हलकी आणि दगडधोंड्यांवरून वेगाने उतरण्याइतकी दणकट असावी लागते. माझ्या वाट्याला आलेल्या सायकलीचे वजन १५ किलोग्रॅम होते. चाके २९ इंची, टायर जवळजवळ अडीच इंच रुंद आणि ब्रेक मोटारसायकलीसारखे डिस्कचे होते.

पण खरी नवलाई पुढेच आहे. आपल्या नेहमीच्या सायकलीचे चाक सांगाड्याच्या मानाने एक मिलिमीटरही वर-खाली होत नाही. या सायकलीची दोन्ही चाके १७० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वर-खाली सरकतात. (‘एक हात’ असे मी वर गमतीने लिहिले, चालवताना तसेच वाटते.) पुढचा चिमटा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो. मागे तरफांची रचना असते. मागचा शॉक ॲब्सॉर्बर स्वतः सुमारे ६५ मिलिमीटरच दबतो, पण तरफांमुळे चाक १७० मिलिमीटर सरकते. अंतर अडीच पटींहून अधिक वाढले, तेव्हा शॉक ॲब्सॉर्बरवर येणारे बलही चाकावरील बलाच्या अडीच पटींहून अधिक असणार, हे तुम्ही तरफेच्या नियमावरून लगेच सांगाल.

या वीतभर अंतराचा उपयोग काय? समजा, अर्धा मीटर उंचीच्या पायरीवरून सायकल खाली पडली. चालक हातपाय ताठ ठेवून बसला आहे आणि नेहमीच्या सायकलीचे टायर वगैरे मिळून ३ सेंटिमीटर दबतात असे धरू. म्हणजे एकूण ५३ सेंटिमीटर पडण्यात मिळालेली ऊर्जा ३ सेंटिमीटरांत थोपवायची. सरासरी बल एकत्रित वजनाच्या सुमारे १८ पट येते. तेच थोपवण्यासाठी १७ सेंटिमीटर मिळाले, तर बल वजनाच्या सुमारे ४ पट होते. मनगट मोडणे आणि न मोडणे यांतला हा फरक आहे.

सायकल हाती आल्यावर भाच्याने मला पूर्ण पोशाखात, शिरस्त्राण आणि गुडघ्यांची कवचे घालून तिच्यावर बसवले आणि माझ्या वजनाने चाके किती दबतात ते पट्टीने मोजले. याला ते लोक ‘सॅग’ म्हणतात. आत पोलादी स्प्रिंग नव्हती. बंद नळीतील दाबलेली हवाच स्प्रिंगचे काम करत होती. पंपाने हवा कमी-जास्त करून त्याने मागचा सॅग ५१ मिलिमीटर, म्हणजे एकूण १७० च्या ३० टक्के केला. पुढचा ३४ मिलिमीटर, म्हणजे २० टक्के ठेवला.

या एका मापावरून सायकल सेकंदाला किती वेळा हेलकावे खाईल, हे काढता येते. गुरुत्वत्वरणाला सॅगने भागा, वर्गमूळ घ्या आणि पायच्या दुपटीने भागा. ९.८ भागिले ०.०५१ म्हणजे १९२. त्याचे वर्गमूळ १३.९, भागिले ६.२८ म्हणजे २.२. पुढच्या चाकासाठी हेच उत्तर २.७ येते. म्हणजे सेकंदाला दोन ते तीन हेलकावे. गंमत अशी की, या सूत्रात चालकाचे वस्तुमान कोठेही येत नाही. हवेची स्प्रिंग हुकच्या नियमाला तंतोतंत धरून वागत नाही, म्हणून हे आकडे ढोबळ आहेत. पण तेवढ्याने आपले काम भागते.

ससा आणि कासव

चिमट्याच्या तळाशी एक लाल बटण होते. त्याच्या एका बाजूला सशाचे आणि दुसऱ्या बाजूला कासवाचे चित्र होते. दबलेली स्प्रिंग किती जलद परत यावी, हे त्या बटणाने ठरते. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरलाही तसेच बटण होते. भाच्याने दोन्ही मध्यावर ठेवली आणि तो तिकिटे आणायला गेला.

आता मी काय केले ते ऐका. त्या बटणाच्या मागे काय असते हे मला ठाऊक होते. आत तेल असते, तेलात बारीक छिद्रे असलेला दट्ट्या असतो. चाक हलले की दट्ट्या हलतो, तेल छिद्रांतून जोराने जाते, तेलाच्या श्यानतेमुळे विरोध होतो आणि ऊर्जेची उष्णता होते. याला अवमंदन म्हणतात. माझ्या मनाने लगेच वर्गातला हिशेब मांडला : अवमंदन म्हणजे ऊर्जेचा नाश, नाश म्हणजे वाईट, तेव्हा तो कमीत कमी असावा. मी दोन्ही बटणे सशाकडे, शेवटपर्यंत फिरवली. भाच्याला सांगितलेही नाही.

आम्ही वर गेलो आणि नवशिक्यांसाठी असलेल्या सौम्य वाटेने उतरू लागलो. त्या वाटेचे नावच ‘ईझी डज इट’, म्हणजे ‘जरा सबुरीने’. पहिली दोन-तीन वळणे छान गेली. मग सुमारे दोन-दोन मीटर अंतरावर मातीच्या बुटक्या लाटा असलेला एक सरळ भाग आला. माझा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर असावा. सेकंदाला ५ मीटर आणि दर २ मीटरला एक लाट, म्हणजे सेकंदाला अडीच लाटा. सायकलीचे स्वतःचे हेलकावे सेकंदाला किती होते, ते वर पाहा.

झोक्याला त्याच्या लयीत हलके हलके ढकलले तरी तो उंच उंच जातो, हे तुम्ही जाणता. याला अनुस्पंदन म्हणतात. पहिल्या लाटेवर सायकल थोडी उसळली, दुसऱ्या लाटेवर जास्त, तिसऱ्या लाटेवर सीट मला मागून ढकलू लागली आणि पाचव्या की सहाव्या लाटेवर मी सायकल सोडून वाटेशेजारच्या गवतात होतो. कोपर आणि गुडघा सोलवटले. शिरस्त्राण आणि कवचे होती म्हणून तेवढ्यावर निभावले.

भाचा धावत आला. मी ठीक आहे हे पाहिल्यावर त्याने सायकल उचलली, बटण पाहिले आणि विचारले, “मामा, हे कुणी फिरवलं?” पदार्थविज्ञानाच्या एम्.एस्सी.ला उत्तर देणे जड गेले.

चूक कोठे झाली?

स्प्रिंग ऊर्जा गिळत नाही. ती ऊर्जा उसनी घेते आणि परत करते. अर्धा मीटर उंचीवरून पडलेल्या सायकलीची सगळी ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठली आणि ती सगळीच परत मिळाली, तर सायकल पुन्हा अर्धा मीटर वर उडाली पाहिजे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच तसे सांगतो. चालकाला सुखरूप जमिनीवर ठेवायचे, तर ती ऊर्जा कोणीतरी कायमची काढून घेतली पाहिजे. ते काम तेल करते. वीतभर सरकणारे चाक आपल्या डोळ्यांत भरते. पण त्या सरकण्याला शिस्त लावणारे तेल कोणाला दिसत नाही. चाक जितके जास्त सरकणार, तितकी जास्त ऊर्जा साठणार आणि तितकी या शिस्तीची गरज वाढणार.

तासभर विश्रांती घेतल्यावर आम्ही हा प्रयोग रीतीने करायचे ठरवले. वाट तीच, वेग शक्य तितका तोच, हवा तीच. बदलायचे फक्त बटण. दुसऱ्या फेरीत दोन्ही बटणे पूर्णपणे कासवाकडे फिरवली. लाटांवर सायकल मुळीच उसळली नाही. पण पुढे एका वळणाआधी, ब्रेक लावून लावून पडलेल्या जवळजवळच्या लहान खळग्यांवर आलो, तेव्हा हात बधिर झाले. एका खळग्याने दबलेले चाक पुढचा खळगा येईपर्यंत वर यायला वेळच मिळत नव्हता. सायकल दबत दबत खालीच बसली आणि वीतभर सरकणारे चाक असून नसल्यासारखे झाले. तिसऱ्या फेरीत बटणे मध्यावर ठेवली. लाटाही सुखाने पार झाल्या आणि खळगेही. शिवाय भाच्याचे ऐकून हातपाय सैल ठेवले. आपले गुडघे आणि कोपरे हीसुद्धा उत्तम स्प्रिंगा आहेत आणि स्नायू हे उत्तम अवमंदक आहेत.

ससा हरला आणि कासवही हरले. घर्षण शून्य असणे चांगले नव्हे, फार असणेही चांगले नव्हे. ते किती असावे हे ठरवावे लागते, आणि ठरवायचे तर ते मोजावे लागते. नगण्य मानलेली गोष्ट कोण मोजत बसणार?

ताशी २७६ किलोमीटर

आता एक हिशेब तुम्हीच करा. आम्ही एका फेरीत सुमारे ३०० मीटर उंची उतरलो असे धरू. माझे वजन ७० आणि सायकलीचे १५, असे ८५ किलोग्रॅम. घर्षण आणि हवेचा विरोध नगण्य मानला, तर पायथ्याशी वेग सेकंदाला सुमारे ७७ मीटर, म्हणजे ताशी २७६ किलोमीटर येतो! परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. प्रत्यक्षात मी ताशी १८ किलोमीटरने खाली पोहोचलो.

उतरताना स्थितिज ऊर्जा कमी झाली ती सुमारे अडीच लाख ज्यूल. पायथ्याशी माझ्याकडे गतिज ऊर्जा उरली ती जेमतेम एक हजार ज्यूल. म्हणजे हजारातल्या ९९६ भागांचा हिशेब आपण ‘नगण्य’ म्हणून सोडून दिला होता. ती ऊर्जा ब्रेकच्या तबकड्यांत, टायरांत, मातीत, हवेत आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या तेलात उष्णता होऊन गेली. सगळी एकत्र गोळा करता आली असती, तर पाऊण लिटरच्या आसपास पाणी उकळून चार-पाच कप चहा झाला असता.

डोंगरी सायकलीचा इतिहास पाहिला तरी हीच गोष्ट दिसते. १९७६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जुन्या जड सायकली घेऊन एका डोंगरवाटेवर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. जो ब्रीझ आणि गॅरी फिशर ही पुढे प्रसिद्धीस आलेली मंडळी त्यांत होती. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि पेडल उलटे दाबले की लागे. एका उतरणीत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई. मग तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच त्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ पडले. आधी धुराचा प्रश्न आला, मग चांगले ब्रेक आले. १९८९ साली स्थापन झालेल्या रॉकशॉक्स कंपनीचा पहिला चिमटा जेमतेम पाच सेंटिमीटर सरकत असे. आज तो १७ सेंटिमीटर सरकतो. या सगळ्या वाटचालीत कारागिरांचा प्रश्न एकच होता : नको असलेली ऊर्जा कोठे आणि किती वेगाने सोडायची? आपण वर्गात जे पद सुरुवातीलाच खोडतो, त्याच पदावर त्यांनी आयुष्ये घालवली.

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

गवतात बसलो असताना मला एक जुना प्रसंग आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे उदाहरण शिकवत होतो. एका मुलीने विचारले, “सर, प्रयोगशाळेत तर ते वजन थोड्या वेळाने थांबतं. मग ऊर्जा जाते कुठे?” अभ्यासक्रम मागे पडला होता. मी म्हणालो, “त्याचा विचार आपल्याला करायचा नाही.” ती खाली बसली आणि त्या वर्षी तिने पुन्हा प्रश्न विचारला नाही. त्या वर्गात पदार्थविज्ञान खऱ्या अर्थाने कोणी करत असेल, तर ती करत होती. मी मात्र तिला गप्प बसवले. कोपर आठवड्याभरात बरे झाले. हे मात्र अजून सलते.

यावर माझे काही मित्र म्हणतील की, घर्षण बाजूला ठेवल्याशिवाय विज्ञान पुढे गेलेच नसते. हे अगदी खरे आहे. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे घरंगळवले, तेव्हा घर्षण नसते तर काय झाले असते, असा विचार केला म्हणूनच गतीचे नियम हाती लागले. १६३८ सालच्या त्याच्या ग्रंथात हवेच्या विरोधाचीही चर्चा आहे. म्हणजे त्याने विरोध बाजूला ठेवला तो समजून उमजून आणि पुन्हा त्याकडे वळण्यासाठी. आमची तक्रार पहिल्या पावलाबद्दल नाही. दुसरे पाऊल आम्ही टाकतच नाही, याबद्दल आहे.

तेव्हा शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. ‘घर्षण नगण्य मानून’ उदाहरण जरूर सोडवून घ्या, पण उत्तराखाली दोन प्रश्न लिहायला लावा : प्रत्यक्षात उत्तर यापेक्षा कमी येईल की जास्त? आणि राहिलेली ऊर्जा कोठे गेली? याला पाच मिनिटे लागतील. अभ्यासक्रम पाच मिनिटांनी बुडत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी दोन प्रयोग. एन्ड्युरो सायकल महाग असते, पण या प्रयोगांना खर्च जवळजवळ नाही.

पहिला : प्रयोगशाळेतील स्प्रिंगला वजन टांगा. वजनाच्या खाली प्लॅस्टिकची एक लहान चकती आडवी बसवा. मागे मोजपट्टी उभी करा. वजन ५ सेंटिमीटर खाली ओढून सोडा आणि दर हेलकाव्याला ते किती खाली येते ते लिहून काढा. हेच, चकती पाण्यात बुडवून आणि मग गोडेतेलात बुडवून करा. नेहमी आपण फक्त दोलनकाल मोजतो. या वेळी हेलकावा निम्मा व्हायला किती दोलने लागली ते मोजा आणि तीन आलेख एकाच कागदावर काढा. ससा आणि कासव त्या कागदावर तुम्हाला भेटतील.

दुसरा : शाळेच्या मैदानाजवळ, वाहने नसलेला आणि खाली मोकळी सपाट जागा असलेला सौम्य उतार शोधा. सुमारे एक मीटर उंची मिळाली तरी पुरे. शिक्षकांना बरोबर घ्या. पेडल न मारता सायकलीवरून खाली या आणि उतार संपताच पुढचे १० मीटर जायला किती वेळ लागला, तो मित्राला घड्याळात पाहायला सांगा. घर्षण नसते तर १० मीटरला सुमारे २.३ सेकंद लागले असते. तुम्हाला नक्कीच जास्त लागतील. टायरमध्ये हवा कमी करून पुन्हा पाहा. फिरणाऱ्या चाकांतही थोडी ऊर्जा असते, तिची आठवण ठेवा.

वर्गात “सर, मग ऊर्जा गेली कुठे?” हा प्रश्न तुमच्या मनात आला, तर तो विचारायला संकोचू नका. आणि एखाद्या शिक्षकाने ‘त्याचा विचार आपल्याला करायचा नाही’ असे सांगितले, तर त्यांना हा लेख नम्रपणे वाचायला द्या. मीही पूर्वी तसेच सांगत असे.